दोन्हीकडून

“विमानाला तहान लागली की ते कुठल्या बाजूनं पितं?”

प्रश्न माझा नव्हे. छबू आणि झुंबर या माझ्या वर्गातल्या दोन दुष्ट मैत्रिणींचा. मधल्या सुट्टीत शाळेच्या कुंपणाशी आम्ही गारेगार चोखत उभ्या होतो आणि मी नेहमीसारखी सुटले होते. आमचं विमान असं, आमच्या विमानाचा पंखा तसा, दिल्लीहून कागद आला, येत्या रविवारी ते उडणार, आधी गहिनीनाथकाका एकटे, मग आप्पा, मग मी. झुंबर श्रीगोंद्याची, बोर्डिंगात राहते. तिला माझं विमान पुरे झालं होतं. “लई शानी झालीस,” ती म्हणाली. “जा, इचार तुझ्या आप्पाला. अस्संच्या अस्सं इचारायचं. शब्द बदलायचा न्हाई.” छबू म्हणाली, “आणि हसायचं नाही. हसलीस तर उद्यापासून ‘आमचं विमान’ म्हणायचं नाही.” मी म्हणाले, “त्यात काय!” या वर्षी मी सगळ्यालाच ‘त्यात काय’ म्हणते. गेल्या वर्षापर्यंत बाईंनी नुसतं नाव पुकारलं तरी माझे तळवे ओले व्हायचे. मग ऑगस्टात मला वक्तृत्वस्पर्धेत कुणीतरी ढकललं, मी वर गेले, तोंड उघडलं, आणि आतून जो आवाज आला तो चक्क माझा होता. तेव्हापासून तो थांबायचं नाव घेत नाही.

त्याच संध्याकाळी मी शेडमध्ये गेले. सोलापूर रस्त्याला लष्कराच्या जुन्या पत्र्याच्या शेडी आहेत, त्यातली एक गहिनीनाथकाकांनी भाड्यानं घेतलीय. काका श्रीगोंद्याकडचे ऊसवाले. पुण्याला जाऊन त्यांनी विमान चालवायचं लायसन काढलं आणि लष्कराच्या लिलावातून इंजिन उचललं. हौस त्यांची, हात आप्पांचे. आप्पा हवाई दलात फिटर होते. आप्पा तेव्हा डाव्या पंखाखाली उताणे पडले होते, बाहेर फक्त पाय. मी पायांना विचारलं. शब्द न बदलता, न हसता. काका ड्रमवर बसून चहा पीत होते, ते इतके हसले की बशीतला चहा लेंग्यावर सांडला. “रंभाजीराव, उत्तर द्या! पेपर फुटला नाही तुमचा!” पाय जरा थबकले. मग पंखाखालून आप्पांचा आवाज आला, भलताच खूश.

“दोन्हीकडून!”

एवढंच. पैज मी जिंकले होते, उद्या कुंपणाशी ऐट मारायची होती, तरी सायकल घेऊन निघाले तेव्हा काहीतरी पायात घोटाळत होतं, साखळीत परकराचा काठ अडकावा तसं. दोन्हीकडून. उत्तराचं काही नव्हतं, उत्तर मला ठाऊकच होतं. तो आवाज. तसा खूश, छाती फुगवलेला ‘दोन्हीकडून’ मी आधी ऐकला होता, आप्पांच्या तोंडून नव्हे, दुसऱ्या कुणाच्या तरी, आणि त्याच्यामागे एक वास होता, ओल्या शेणाचा आणि डिझेलचा. मार्केट यार्डाजवळ टँकरपाशी हंड्यांची रांग लागली होती, दोन बाया भांडत होत्या, मी उतरून सायकल हातानं ढकलत नेली आणि वास आठवत राहिले. कुणाचा तो आठवेना.

लोकांना वाटतं विमान म्हणजे पंख. आप्पा म्हणतात, विमान म्हणजे नळ्या. “उडायला काय, पतंगही उडतो. पेट्रोल पोचलं पाहिजे.” सगळ्यात पहिल्या नकाशात टाकी इंजिनाच्या मागे होती, बसणाऱ्याच्या मांड्यांच्या वर. सोपं काम, पेट्रोल आपोआप खाली उतरणार. आप्पांनी ती रबरानं खोडली, इतकी जोरात की कागद फाटला. हवाई दलात त्यांनी काय पाहिलं ते मला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणतात, “मांडीवर पेट्रोल घेऊन बसायचं नाही.” मग टाक्या पंखांत गेल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. पण आमच्या विमानाचे पंख खाली आहेत. काकांना ते तसेच हवे होते, लढाऊ विमानासारखे. पंख माझ्या गुडघ्याशी येतो, त्याच्यावर पाय देऊन आत चढायचं. इंजिन वर, पेट्रोल खाली, आणि पेट्रोल काही जिना चढत नाही. म्हणून पंप. एक इंजिनावर चालणारा, आणि तो बंद पडला तर विजेवर चालणारा दुसरा. सगळ्यात खालच्या जागी काचेची वाटी, तिच्यात पाणी आणि कचरा साठतो, तो रोज सकाळी सोडून द्यायचा. टाकीला श्वास घ्यायला बारीक नळी, तिचं तोंड वाऱ्याकडे. नळ्या इंजिनाच्या तापल्या भागापासून लांब, नाहीतर पेट्रोलची आतल्या आत वाफ होते. प्रत्येक गोष्टीत आप्पांनी आधी मरण बघितलं आणि मग त्याची वाट बंद केली. मला ते फार आवडायचं. आपले वडील मरणाच्या एकेका वाटेवर पत्रा ठोकतायत, आणि आपण शेजारी उभं राहून खिळे देतोय.

आणि बसणाऱ्याच्या गुडघ्याशी कॉक, कुठल्या टाकीतलं पेट्रोल घ्यायचं ते ठरवणारी तोटी. पितळेचा, आप्पांनी स्वतः बनवलेला, वर पंचानं ठोकलेली अक्षरं: डावी, उजवी, दोन्ही, बंद. ‘दोन्ही’ खास काकांसाठी. काका ज्याच्या घरी जातात त्याच्या घरी चपला विसरतात. त्यांची स्कूटर दौंड रस्त्याला हमखास बंद पडते, कारण ती रिझर्व्हला लावलीय हे ते विसरतात. “वर गेल्यावर टाकी बदलायची विसरले तर?” आप्पा म्हणाले होते. “कॉक दोन्हीवर ठेवायचा. डोक्याला एक काम कमी.” पुण्याच्या क्लबातल्या शिकाऊ विमानाला तसा कॉक असतो. काकांनी मला एकदा ते दाखवायला नेलं होतं. भर दुपार होती आणि मी त्याच्या पंखाच्या सावलीत उभी होते. हात वर करून मी पंखाचं पोट चाचपलं होतं, थंड लागलं होतं.

‘दोन्ही’ हा माझाही आवडता शब्द. मॅट्रिकनंतर काय, असं आप्पांनी विचारलं की मी सायन्स म्हणते, आईनं विचारलं की डी.एड. विमानात बसणार का, असं आप्पांनी विचारलं तेव्हा मी उडीच मारली. त्याच आठवड्यात आई पोळपाट धूत असताना पाठमोरीच म्हणाली, “तू नाही ना बसणार त्याच्यात?” मी म्हणाले, “छे गं.” आई विमानाला ‘ते’ म्हणते. ती नगरपालिकेच्या शाळेत शिकवते, दिवसभर मुलांना ओरडते, घरी आली की तिच्याकडे फार शब्द उरत नाहीत. शेडमध्ये ती एकदाही आलेली नाही. गहिनीनाथकाका पहिल्यांदा आमच्या घरी चहा प्यायले तेव्हा तिनं कपबशी प्यायला देण्याआधीच दोनदा धुतली होती, मला कारण विचारू दिलं नव्हतं, आणि काका फुर्र करून प्यायले आणि अजून मागितला तेव्हा ती आत जाऊन उगाचच डबे लावत राहिली होती. माझं नाव भीमा. आई सांगते, नदीवरून, तिचं माहेर कर्जतकडे, भीमेच्या काठचं. आप्पा सांगतात, नदीवरून नाही. मी म्हणते, दोन्ही.

घरी आले. माठातलं पाणी गडव्यात घेतलं, तोंड लावलं, आणि पाण्याऐवजी आधी थोडी हवा गेली, ठसका लागला. त्या ठसक्यातच तो वास आला. कारभारीमामा! दिवाळीच्या सुट्टीत, मामाच्या मळ्यात. त्याचाच आवाज होता तो: “बग भीमे, दोन्हीकडून पानी!” पण तसं म्हणाला होता तो आदल्या वर्षी, विहिरी भरलेल्या होत्या तेव्हा. मामाला दोन विहिरी. घराकडची एक आणि नाल्याकडची एक, दोन्ही त्यानं खोदलेल्या. आजीच्या काळात गावात सतरा विहिरी असतील, आमची एकही नव्हती. काठापासून लांब उभं राहायचं आणि कुणी ओंजळीत ओतलं तर प्यायचं. तर मामानं काय केलं, दोन्ही विहिरींत नळ सोडले, मधे तीन तोंडांचा टी घालून जोडले आणि एकाच पंपाला लावले. गावात कुणी असं केलं नव्हतं. येईल त्याला तो पंपापाशी नेऊन दाखवायचा, एका हातानं ही विहीर, एका हातानं ती. दोन्हीकडून पानी.

मग हा दुष्काळ. दिवाळीला मी गेले तर मामा पंपाशी घामाघूम. शेणकाला कालवून पंपाच्या तोंडात ओतायचा, इंजिनाचं हँडल मारायचं, पंप पाणी उचलायचा, दोन गुळण्या टाकायचा आणि खर्रर्र करून हवा धरायचा. “फुटबॉल गेला आसंल,” मामा म्हणाला, आणि मी बावळटासारखी विचारलं, “कुठं गेला, आणून देऊ?” मामी हसून हसून खाली बसली. नळाच्या पाण्यातल्या टोकाला झडप असते, पाणी आत येऊ देते, परत जाऊ देत नाही, तिला ते फुटबॉल म्हणतात. मी वाकून पाहिलं. नाल्याकडच्या विहिरीचा तळ उघडा पडला होता, फुटबॉल हवेत लोंबत होता, मेलेल्या वटवाघळासारखा. पण घराकडच्या विहिरीत चांगलं छातीएवढं पाणी होतं. हिरवं, गार, चुपचाप. “मामा, हिच्यात तर पाणी आहे की!” मी ओरडले. मामानं कपाळाचा घाम पुसला तर कपाळाला शेण लागलं. तो म्हणाला, “भरल्या हिरीला कोन इचारतंय, पोरी? पानी जड, हवा हलकी. पंप हलकं आदी वडतोय.” मग त्यानं नाल्याकडच्या नळात पोत्याचा बोळा ठोकला, आणि पंपानं पाणी उचललं.

गडवा माझ्या हातात तसाच राहिला. मला कळलं होतं आणि मला ते कळायला नको होतं. लाज वाटते सांगायला, पण आधी उसळून आलं ते हेच: मला सापडलं! मग लगेच: आप्पांचं चुकलं असेल? आप्पांचं? छे. मीच काहीतरी घोटाळा करत असणार. शेणकाला कुठं, पितळी कॉक कुठं. मी स्वतःला वक्तृत्वाच्या आवाजात समजावत राहिले, आणि त्या आवाजाला पहिल्यांदाच एक टाळी पडली नाही.

सकाळी न्हाणीमागे गेले. तिथं सांडपाण्यावर आमचं पपईचं झाड जगलंय, आख्ख्या आळीत तेवढंच हिरवं. दोन पानं तोडली, देठ कापले. पपईचा देठ आतून पोकळ असतो, लहानपणी आम्ही त्याच्या पुंग्या करायचो. दोन पेले मांडले, एक भरलेला, एक रिकामा. दोन देठ दोन पेल्यांत, वरची टोकं दोन्ही तोंडात. ओढलं. कडवट चीक जिभेला लागला आणि हवा आली. नुसती हवा. गाल आत जाईपर्यंत ओढलं, कान दुखले, आणि भरलेल्या पेल्यातलं पाणी जागचं हललं नाही, माझ्याकडे बघत राहिलं. रिकाम्या पेल्यातल्या देठावर अंगठा दाबला, तर पाणी लगेच तोंडात. अंगठा काढला, हवा. पुन्हा दाबला. कितीदा केलं कोण जाणे. आई शाळेला निघताना म्हणाली, “भीमे, खेळायचं वय आहे का?” मी तोंडात देठ धरून मान हलवली, हो की नाही ते मलाच माहीत नाही.

शाळेत छबू म्हणाली, “काय म्हणाले आप्पा?” मी म्हणाले, “दोन्हीकडून.” झुंबर म्हणाली, “आँ? म्हंजी दोन तोंडाचं हाय व्हय तुमचं इमान?” सगळ्या खिदळल्या. मीही हसले. फळ्यावर बाई काहीतरी लिहीत होत्या आणि मला दिसत होतं, वर, ढग नसलेल्या त्या रिकाम्या आभाळात, काका. डावी टाकी संपते. उजवीत निम्मं पेट्रोल आहे, हिरवं, गार, चुपचाप. काका गाणं म्हणतायत, त्यांच्या डोक्याला एक काम कमी आहे. खर्रर्र. मग विजेचा पंप लावतात, तोही तेच ओढतो, हलकं आधी. खाली नांगरट, खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा, सगळे वर बघतायत. आणि त्याच्या पुढच्या वेळी काकांच्या शेजारी आप्पा. आणि त्याच्या पुढच्या वेळी... माझं मी चित्र पुरं केलं नाही. मला भीती पडण्याची वाटत नव्हती, गंमत म्हणजे. भीती वाटत होती ती शेडमध्ये जाऊन आप्पांना सांगण्याची. आमच्या घरात आभाळ कशावर उभं आहे तर आप्पांनी घट्ट केलेल्या नटावर. तो नट मी कसा फिरवू?

संध्याकाळी पिशवीत दोन पेले आणि फडक्यात गुंडाळलेले दोन देठ घेऊन गेले. काका होतेच. मी ड्रमवर पेले मांडले, एकात पाणी ओतलं.

“आप्पा, हे ओढून बघा.”

“काय आहे?”

“पपई.”

“रंभाजीराव, पोरगी वैद्य झाली,” काका म्हणाले. “आज पपई, उद्या काढा.”

आप्पांनी हात पुसले, हसत देठ तोंडात धरले, ओढलं. पुन्हा ओढलं. त्यांचे गाल आत गेले, गालांची हाडं वर आली, आणि मला एकदम दिसलं की आप्पा म्हातारे होणार आहेत. ते थांबले. देठ तोंडातच, डोळे पेल्यांवर. मग डोळे हळूहळू सरकत पंखाकडे, पंखावरून आत, कॉककडे.

“एक पेला रिकामा आहे,” मी म्हणाले, कुणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून.

“दिसतंय.” त्यांनी देठ खाली ठेवले. “शिकाऊ विमानात ‘दोन्ही’ असतं,” ते म्हणाले, मला नव्हे, कॉकला. “मी स्वतः बसवलेत. हातानं.”

“त्याच्या पंखाच्या सावलीत मी उभी राहिलेय, आप्पा. त्याचं पेट्रोल वरून पडतं. आपल्याला ओढावं लागतं.”

काका म्हणाले, “थांब थांब. पण दोन्ही टाक्या बरोबरच संपल्या, तर?”

“तुमच्या चपला बरोबर झिजतात का, काका?”

काकांनी खाली चपलांकडे पाहिलं. त्या दिवशी घातलेल्या होत्या. मग त्यांचं हसू हळूच उतरलं. “म्हंजे एका टाकीत निम्मं पेट्रोल,” ते म्हणाले, “अन् मी खाली.” शेडच्या पत्र्याला उन्हाची कडकड सुरू होती, तो निवताना वाजतो. आप्पा आत चढले, कॉक सोडवून आणला, बाकावरच्या शेगड्याच्या जबड्यात आवळून धरला आणि कानस घेऊन ‘दोन्ही’ घासायला लागले. पितळेचा भुगा त्यांच्या मनगटावर सोन्यासारखा पडत होता. नुसती अक्षरं घासून भागणार नव्हतं, आतलं भोकही बुजवायचं होतं, मूठ तिथं फिरूच नये असं करायचं होतं, ते त्यांनी काकांना सांगितलं, अगदी शांत आवाजात. आता वर गेल्यावर एक टाकी निवडावी लागेल, आणि वेळेवर आठवणीनं बदलावी लागेल. विसरायची सोय उरली नाही.

मला वाटलं होतं ते शाबास म्हणतील. पाठीवर थाप, काहीतरी. त्यांनी कानस बाजूला ठेवली, माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या फिटरकडे बघावं तसं, आणि विचारलं, “अजून काय दिसतंय तुला?”

 स्टेजवरून खाली कुणीच नाही असं दिसावं तसं वाटलं. कारण मला काही दिसत नव्हतं, आणि दिसत नाही म्हणजे नसतं असं आता म्हणता येत नव्हतं. मी म्हणाले, “नळ्या बघते,” आणि पंखाखाली सरकले, आयुष्यात पहिल्यांदा खिळे द्यायला नव्हे. वर पत्रा, नाकाशी पेट्रोलचा वास, पाठीखाली गार जमीन. एकेका सांध्यावर बोट फिरवत गेले. मागे काका आप्पांना हळूच म्हणत होते, “रंभाजीराव, रविवार पुढं ढकलू का?” आणि आप्पा म्हणाले, “ढकलू.”

जेवायला रेशनच्या मिलोच्या भाकरी होत्या, लाल, घशात अडकणाऱ्या. आप्पांनी आईला सगळं सांगितलं, पपईसकट, स्वतःची चूक जराही न लपवता, मामाचं नाव आलं तेव्हा थोडं हसूनसुद्धा. आईनं तव्यावरची भाकरी उलटली.

“कारभारीनं तो टी जोडला त्या दिवशीच मी त्याला म्हणाले होते, हा पंप हवा धरणार. लग्नाआधी आमच्या शेजारच्या मळ्यात पंप भरायला मीच तर जायचे. शेणकाला कालवून कालवून हाताला वास राहायचा.”

आप्पांचा घास हातात राहिला. “विमल, मग इतक्या दिवसांत मला नाही बोललीस? कॉकचं मी इथंच बसून सांगितलं होतं.”

“मला कोण विचारतंय?” आई म्हणाली. रागानं नाही. भाकरी शेकली की नाही ते बघत, सहज.

भरल्या हिरीला कोन इचारतंय. मी चावायची थांबले. हिरवं, गार, चुपचाप, छातीएवढं पाणी, आणि आम्ही दोघं इतके महिने दुसरीकडचीच हवा ओढत बसलेलो. चुलीच्या उजेडात आईचे हात दिसत होते, पिठानं पांढरे. त्या हातांना काय काय माहीत असेल. माझ्या तोंडाशी ‘त्यात काय’ आलं होतं, ते मी भाकरीबरोबर गिळलं.

“आई, आप्पा,” मी म्हणाले, आणि आवाज थोडा हलला, तरी माझाच होता. “विमानात बसायला मी एकीला नाही म्हटलंय आणि एकाला हो. ते आता बंद. माझं ठरलंय. आई, उद्या तू शेडमध्ये यायचं, टाकीपासून इंजिनापर्यंत नळी न् नळी बघायची, आणि जे विचारावंसं वाटेल ते आप्पांना विचारायचं, ते उत्तर देईपर्यंत हलायचं नाही. विमान उडेल ते तुझे प्रश्न संपल्यावर. आणि तिसऱ्या खेपेला काकांच्या शेजारी, कॉकवर हात ठेवून, मी बसणार आहे.”